शनिवारी अडणारी गाडी

या लेखनाचा प्रश्न एकच आहे आणि तो सुरुवातीलाच मांडते. जुन्या मोटारीच्या इंजिनात ठिणगी पाडणारे भाग एकामागून एक नवे बसवले, प्रत्येक नवा भाग बसवल्यावर गाडी आठवडाभर सुरळीत चालली, आणि तरीही शनिवार उजाडला की ती अडू लागली, तर दोष कोठे शोधावा?

दोन हजार सालानंतरच्या एका हिवाळ्यात हा प्रश्न आमच्या घरी मुक्कामाला आला होता. तो आज आठवला तो आईच्या टेबलावरच्या पेन्सिलींमुळे. दिवाळीच्या साफसफाईसाठी माहेरी आले आणि टेबल पुसायला घेतले, तेव्हा पेन्सिली उभ्या करण्याची ती तपकिरी वस्तू हातात आली. मुठीत मावेल एवढी, कडक, थंडगार. वर कडेने चार भोके आणि मधोमध एक. कडेच्या चार भोकांत चार पेन्सिली, मधल्या भोकात लाल पेन. ही डिस्ट्रिब्यूटरची, म्हणजे मोटारीत ठिणगी वाटून देणाऱ्या भागाची, कॅप आहे हे आज घरी येणाऱ्या कोणालाही ओळखता येत नाही. मी ती नाकाशी नेली. इतक्या वर्षांनंतरही तिच्या आतून जळक्या हवेचा, पेट्रोलचा आणि किंचित सुताचा वास येतो, असे मला वाटले. सुताचा वास येणे शक्य नाही, हे मला ठाऊक आहे.

आमचे घर खारबावच्या बाजूला. समोर भातखाचरे, त्यापलीकडे खाडी, आणि घराच्या मागे बाबांचा यंत्रमागांचा कारखाना. त्या काळात शांतता म्हणजे काय हे आम्हाला वीज गेल्यावरच कळे. एरवी मागांची खटखट भिंतींतून, ताटांतून, झोपेतून चालू असे. भारनियमनाची वेळ झाली की ती एकदम थांबे आणि मग खाडीवरच्या बगळ्यांचा आवाज, चुलीतल्या लाकडाचा तडतडाट, आजूबाजूच्या माणसांचे श्वास असे सगळे एकाएकी ऐकू येऊ लागे. हवेत कापसाची बारीक लव तरंगत असायची. उन्हाच्या तिरिपेत ती सोनेरी दिसे. कपाटावर, देव्हाऱ्यावर, आईच्या चष्म्यावर ती बसे आणि कोणाला तिचे काही वाटत नसे. मागांना सुटी शुक्रवारची. त्यामुळे आमच्या घरचा रविवार शुक्रवारी यायचा.

आई शिक्षिका. विज्ञान शिकवायची. बदली होऊन तिला गणेशपुरीच्या पलीकडची शाळा मिळाली, तेव्हा घरात पहिला प्रश्न जाण्यायेण्याचा उभा राहिला. यष्टी होती, पण अंबाडीला ती बदलावी लागे. आठवडाभर शाळा दुपारची असे, तेव्हा यष्टी चालून गेली असती. शनिवारची शाळा मात्र सकाळची. त्या वेळेला पहिल्या यष्टीने निघाले तरी प्रार्थना हुकायची. म्हणून बाबांनी एक जुनी मोटार घेतली. दुधी रंगाची, गोल दिव्यांची. बाबांना गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. आई शिकली. गावात मोटार चालवणारी ती पहिली बाई. ती पदर खोचून, चष्मा सारखा करून, आरशात पाहून गाडी फाटकाबाहेर काढे, तेव्हा बाबा कारखान्याच्या दारात उभे राहून पाहत. तोंडाने काही म्हणत नसत. फक्त आतल्या कारागिराला ओरडून सांगत, "जरा थांबव रं माग! मास्तरीन निंगाली."

आईला गाडीचे बारकावे समजून घेण्याची हौस होती, आणि समजलेले समजावून देण्याची त्याहून अधिक. इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पेटवायला ठिणगी लागते. बॅटरीचा जोर त्यासाठी पुरत नाही, म्हणून कॉइल नावाचा डबा तो कितीतरी पटींनी वाढवतो. कॉइलला ती संधी मिळते ती पॉइंट्समुळे. पॉइंट्स म्हणजे समोरासमोर टेकणारे दोन लहान धातूचे ठिपके, जोंधळ्याच्या दाण्याएवढे. ते मिटले की प्रवाह वाहतो, उघडले की तुटतो, आणि तुटण्याच्या त्याच क्षणी कॉइलमधून ठिणगीचा जोर निघतो. तो जोर कॅपच्या मधल्या भोकातून आत येतो आणि आत फिरणारा रोटर तो कडेच्या चार भोकांना पाळीपाळीने वाटून देतो. तेथून चार तारा चार प्लगांकडे, आणि प्लगाच्या टोकाला ठिणगी. आई म्हणायची, "कॅप म्हणजे पंगतीत वाढणारी बाई. कोणाचं पान रिकामं राहता कामा नये, आणि एकाच्या पानात दोनदा पडता कामा नये." मी तेव्हा कॉलेजात होते. शनिवारी मला सुटी असे, म्हणून सोबतीला मी तिच्याबरोबर जाई.

त्या शनिवारच्या सकाळी मला अजून अंगावर जाणवतात. खाचरांवर दव, पेंढ्याच्या उडव्यांतून वर येणारी ऊब, काचेवर धुके, आणि आईच्या डब्यातल्या तांदळाच्या भाकरीचा वास. भिवंडी ओलांडून वाड्याच्या रस्त्याला लागलो की हवा बदलायची. कापसाची लव मागे राहायची आणि ओल्या मातीचा वास पुढे यायचा. गणेशपुरी जवळ आली की उन्हाळ्यांची, म्हणजे त्या गरम पाण्याच्या कुंडांची, वाफ रस्त्यावरून दिसे.

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली आणि पहिल्याच शनिवारी गाडी अडली. सुरू नीट झाली, शहरही ओलांडले, आणि मग अंबाडीच्या अलीकडे ती खोकू लागली. एक धक्का, मग दोन नीट ठोके, मग पुन्हा धक्का. आम्ही प्रार्थना संपल्यावर पोहोचलो. मुख्याध्यापक कवायतीच्या मैदानात उभे होते. ते रागावले नाहीत, घड्याळाकडे पाहून नुसते हसले. रागावले असते तर आईला बरे वाटले असते.

परतताना आम्ही रफिकचाचांच्या गॅरेजवर थांबलो. चाचा आमच्या वाटेवरचे मिस्त्री. पान खाऊन लाल झालेले ओठ, कानावर पेन्सिल, आणि बोलण्यात निम्मे हिंदी, निम्मे मराठी.

"मिसिंग मारतेय, टीचर," बॉनेटवर कान ठेवून ते म्हणाले. "मधेच ठोका खातेय. प्लग बघतो."

प्लग काळवंडले होते. नवे घातले. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत गाडी लोण्यासारखी चालली. पुढच्या शनिवारी पुन्हा अंबाडीच्या अलीकडे खोकली.

आता चाचांना चीड आली. "टीचर, सगळंच बदलून टाकू. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, कॅप, वायर. सब एक साथ. झंझट ख़तम."

"नाही चाचा. एका वेळी एकच," आई म्हणाली. "सगळं एकदम बदललं तर दोष कुणाचा होता ते कसं कळणार?"

"दोष का क्या करना है? अचार डालोगे?"

"हो. बरणीत भरून वर्गात ठेवीन," आई म्हणाली, आणि चाचा इतके हसले की त्यांना पान थुंकायला उठावे लागले.

अशा रीतीने एका वेळी एक असे सारे झाले. पॉइंट्स आणि त्यांना जोडलेला कंडेन्सर बदलले. मला ते काम फार आवडे. पॉइंट्स पुरते उघडलेले असतील अशा जागी इंजिन हाताने फिरवून आणायचे, मधल्या फटीत पोलादाची पातळ पट्टी सरकवायची. ती अलगद घासत गेली पाहिजे, अडता कामा नये आणि सैलही जाता कामा नये. आई मला तेच करायला लावी आणि स्वतः डोळे मिटून नुसती पट्टीचा आवाज ऐके. मग कॉइल बदलली. मग रोटर. मग ही कॅप. प्रत्येक वेळी चाचा शेवटी सगळे पुसत, यंत्राच्या नळीने फुस्सकन हवा मारत, आणि प्लगची तार लाकडी चिमट्याने धरून इंजिनाच्या धातूजवळ नेऊन दाखवत. टच्चकन निळी ठिणगी पडे. पिवळी पडली तर ती दुबळी, निळी पडली तर सशक्त, हे मी तेथे शिकले. आमची ठिणगी नेहमी निळी असे. गाडी आठवडाभर चाले. आणि शनिवारी अडे.

बदललेला प्रत्येक जुना भाग आई घरी आणी, आणि तो तपासून झाला की खिडकीत मांडून ठेवी. "हा निर्दोष," ती म्हणे. खिडकीतली निर्दोषांची रांग वाढत होती.

कारण काय असावे, याविषयी प्रत्येकाचे मत होते. चाचा म्हणत, दव. सकाळच्या ओलीत करंट फुटतो. हे मत अगदीच चुकीचे नव्हते. ओलीने ठिणगी खरोखरच वाट चुकते. आत्या एका सकाळी तेलाची वाटी घेऊनच आली.

"शनवार हाय गो, शनवार!" ती म्हणाली. "इंजिनात कं शोधतंस? मारुतीला तेल घाल आनि गारीला लिंबू-मिरची बांद."

आईने तेल मारुतीला घातले आणि लिंबू-मिरचीही बांधू दिली. "बांधलं म्हणून शोधायचं थांबत नाही," ती मला गाडीत बसल्यावर म्हणाली. त्या शनिवारी लिंबू-मिरचीसकट अडलो.

एवढ्यावर हसता आले असते, पण एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. एका शनिवारी प्रार्थनेला उभी असलेली मुले आईची वाट पाहत ताटकळली, कारण प्रार्थना तिने सांगायची होती. त्या दिवशी संध्याकाळी आई स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "नाताळच्या सुटीपर्यंत बघते. तोवर जमलं नाही तर नोकरी सोडते. मुलांना वेळेवर या म्हणायचं आणि आपण उशिरा जायचं, हे मला जमणार नाही."

बाबा जेवत होते. त्यांचा हात थांबला. "तिकडं खोली घेऊन र्‍हा," ते म्हणाले.

"आणि तुम्ही?"

आईशिवाय ते घर बाबांनी कल्पून पाहिले असावे, कारण ते पानावरून लवकर उठले आणि मागे कारखान्यात गेले. त्या संध्याकाळपासून त्यांनी गाडीची अधिकच काळजी घ्यायला सुरुवात केली.

ही काळजी कशी होती ते सांगितले पाहिजे. बाबांना इंजिनातले कळत नव्हते, पण स्वच्छता कळत होती. मागाच्या प्रत्येक भागावर बसलेली लव रोज पुसली नाही तर कापड बिघडते, हे त्यांचे आयुष्यभराचे शास्त्र. पुसायला आमच्याकडे असे ते वेस्ट, म्हणजे मागावरून निघणारा टाकाऊ सुताचा गुंता. अख्ख्या भिवंडीत हात, यंत्रे, सायकली, दुकानातले काउंटर, सगळे त्यानेच पुसले जाते. शुक्रवारी माग बंद असत आणि आई संध्याकाळी शाळेतून परत आलेली असे. मग, दिवाळीच्या साफसफाईपासून पडलेल्या नेमाप्रमाणे, बाबा पांढऱ्याशुभ्र वेस्टचा एक मऊ गोळा निवडत. काळे डाग असलेला ते गाडीला लावत नसत. बॉनेट उघडत, चाचांना करताना पाहिले होते तसे कॅपचे चिमटे टकटक सोडवत, कॅप आतून पुसत, रोटर पुसत, पॉइंट्सवरून हळूच सूत फिरवत आणि तोंडाने फुंकर मारत. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पूजेच्या वेळचे भाव असत. मी कितीदा पायरीवर बसून ते पाहिले आहे. पेट्रोलचा आणि ताज्या सुताच्या खळीचा तो मिसळलेला वास म्हणजे माझ्यासाठी शुक्रवारची संध्याकाळ.

त्या वर्षी ईद बुधवारी आली. माग बंद, शाळाही बंद. सकाळी आम्ही चाचांकडे शीरखुर्मा प्यायलो. नवे कपडे घातलेले चाचा ओळखू येत नव्हते. दुपारी बाबांना मोकळा वेळ होता. ते जे शुक्रवारी करत तेच त्यांनी केले.

गुरुवारी माझे कॉलेज नव्हते, म्हणून मी आईबरोबर निघाले. लखलखीत दुपार. दवाचा थेंब नाही, शनिवार नाही. आणि अंबाडीच्या अलीकडे गाडी खोकली, पुन्हा खोकली आणि थांबली.

मी रडण्याच्या बेतात होते. आईचा चेहरा मात्र उजळला. एखादे गणित सुटण्याच्या आधी तिचा चेहरा तसा होई. तिने गाडी आंब्याच्या सावलीत लोटायला लावली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून विचारले, "सांग बरं. दव गेलं, सकाळ गेली, शनिवार गेला. शुक्रवारची कोणती गोष्ट काल झाली?"

"शीरखुर्मा शुक्रवारी नसतो," मी म्हणाले.

"तो इंजिनाने प्यायला नाही. दुसरं?"

"माग बंद होते."

"माग बंद असले की काय होतं?"

उत्तर आम्हा दोघींना एकदमच दिसले: माग बंद असले की बाबा गाडी पुसतात.

आईने पर्समधून वर्गातले भिंग काढले. आम्ही कॅपचे चिमटे सोडवले. मी इंजिन थोडे थोडे फिरवले आणि पॉइंट्स उघडल्यावर तिने भिंग धरले. मग तिने भिंग माझ्या हातात दिले. दोन चकचकीत ठिपक्यांच्या मध्ये एक पांढरा तंतू आडवा पडला होता. साध्या डोळ्यांना तो दिसलाही नसता. मधोमध तो काळा झाला होता. पॉइंट्स मिटत होते, पण टेकत नव्हते. सूत वीज जाऊ देत नाही. बाकीचे सगळे भाग नवे, सशक्त, निर्दोष, आणि त्यांच्या मध्ये आमच्याच कारखान्याचा एक तंतू.

आता सारे जुळले. बाबांची फुंकर तंतूला हलवू शकत नव्हती. तो कडेला कोठेतरी चिकटून राही आणि गाडीच्या थरथरीने वाटेत पॉइंट्सच्या मध्ये ओढला जाई. चाचा भाग बदलून शेवटी यंत्राची हवा मारत, तेव्हा तो नकळत उडून जाई, आणि श्रेय नव्या भागाला मिळे. पुढच्या शुक्रवारी बाबा दुसरा तंतू ठेवत. आणि दुसऱ्या दिवशी शनिवार असे.

आईने केसातली पिन काढून तो तंतू अलगद उचलला, खडूच्या रिकाम्या डबीत ठेवला आणि चावी फिरवली. गाडी लगेच बोलली. त्या दिवशी आम्ही घंटेच्या आधी पोहोचलो. वाटेत मी आनंदाने बडबडत होते. आईची नजर सारखी त्या डबीकडे जात होती.

"सापडलं ना?" मी विचारले.

"सापडलं. पण त्यांना सांगायचं कसं?" ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी तिने चाचांनाही बोलावले. ते नमाजाच्या आधी आले, इस्तरी केलेल्या कुर्त्यात, हाताला अत्तराचा वास. बाबा दारापुढच्या ओट्यावर चहा पीत होते. आईने डबी उघडून त्यांच्यापुढे ठेवली आणि भिंग दिले. सारे सांगताना तिने "तुम्ही" हा शब्द एकदाही वापरला नाही. "पुसलं जातं," "राहून जातं," असेच म्हणत गेली.

बाबांनी भिंगातून पाहिले. सूत ते कोठेही ओळखत. "हा माजाच," ते हळूच म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. "म्हंजे मी पुसतो म्हनून बंद पडते? हातानं, जिवापाड पुसतो, म्हनून?"

"सेठ, पूरी भिवंडी इसी से पोछती है," चाचा घाईघाईने म्हणाले. "मी पन वेस्टनेच पुसतो. माझ्याकडे हवेची मशीन आहे म्हणून वाचलो."

बाबा उठले आणि कारखान्याकडे गेले. माग बंद होते, त्यामुळे त्यांच्या पावलांचा आवाज दूरवर ऐकू आला, मग तोही थांबला. आईने चहाचा कप उचलला नाही. आईची नोकरी वाचली होती, पण त्या क्षणी ओट्यावर बसलेल्या कोणाला तसे वाटत नव्हते.

बाबा परत आले ते वेस्टचा एक गोळा घेऊन. त्यांनी बॉनेट उघडले. "तुज्यावर इस्वास हाय, मास्तरीन," ते म्हणाले, "पन मना दाकव. माज्या डोल्यांनी बघीन तवाच."

"तेच बरोबर," आई म्हणाली. मी तिला वर्गातही याहून समाधानी पाहिलेले नाही.

बाबांनी गोळ्यातून एक तंतू ओढला, बोटांनी ताणून पाहिला आणि चाचांनी दाखवले तसा पॉइंट्सच्या मध्ये ठेवला. कॅप बसवली. मी चावी फिरवली. इंजिन नुसते घरघरले. बाबांनी कॅप काढून तंतू उचलला, पुन्हा कॅप बसवली. चावी फिरवली. गाडी सुरू. त्यांनी पुन्हा तंतू ठेवला. गाडी मुकी. पुन्हा काढला. गाडी सुरू. हे ते करतच राहिले. चाचा म्हणाले, "सेठ, बॅटरी उतरेल," तरी थांबेनात. मग एकाएकी ते सरळ उभे राहिले, कमरेवर हात ठेवले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरले ते हसू मी अजून विसरलेले नाही.

"बघतंस कं गो बाय?" ते मला म्हणाले. "येवढी मोठी लोखंडाची गारी. चार चाकं, चार प्लग. माज्या एका तंतूनं धरून ठेवली! आनि लोक म्हंतात भिवंडीचा सूत कच्चा!"

चाचांनी कपाळावर हात मारला. आई इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले, आणि पुसायला तिने पदर घेतला. तो रेशमी होता, घरात नेसायला काढलेल्या विरलेल्या साडीचा. बाबांची नजर त्या पदरावर थांबली. ते जवळ आले, पदराचे टोक दोन बोटांत धरून त्यांनी चोळले, उजेडात धरले.

"ह्यानं पुसायचा," ते म्हणाले. "कापसाचा तंतू आखूड. पीळ घालून त्याला धरलेला असतो, चोललं की सुटतो. रेशमाचा तंतू लांबच्या लांब. सुटत न्हाय." आणि मग, जरा थांबून, "फाडू?"

"फाडा," आई म्हणाली.

पदर फाटण्याचा तो स्वच्छ, लांब आवाज मला आठवतो. माग बंद असल्यामुळे तो सबंध अंगणाला ऐकू गेला असेल.

त्या संध्याकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे, पण त्या रेशमी तुकड्याने, गाडी पुसली. बॉनेट उघडले, चिमटे टकटक सोडवले, कॅप, रोटर, पॉइंट्स, सगळे पुसले, फुंकर मारली. आईने त्यांना थांबवले नाही आणि नंतर तपासलेही नाही. मला मात्र राहवले नाही, मी भिंग घेऊन उठले. तिने माझा हात धरून मला खाली बसवले.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो, तेव्हा बाबा कारखान्याच्या दारात नव्हते. ते इस्तरीचा सदरा घालून मागच्या सीटवर येऊन बसले होते. माग कारागिरावर सोडून ते कधी कोठे गेले नव्हते. खाचरांवर दाट दव होते. शहर गेले. वाड्याचा रस्ता आला. अंबाडीच्या अलीकडची ती वळणे आली, तेव्हा तिघेही इंजिनाकडे कान लावून होतो. ठोके एकसारखे पडत होते, नीट चालणाऱ्या मागासारखे. आंब्याचे झाड आले आणि मागे गेले. बाबांनी काच खाली केली आणि त्या झाडाकडे वळून पाहिले.

आम्ही घंटेच्या आधी पोहोचलो. आई मैदानात जाऊन मुलांसमोर उभी राहिली आणि तिने प्रार्थनेची पहिली ओळ सांगितली. मुख्याध्यापकांनी या वेळी घड्याळाकडे पाहिले नाही. बाबा गाडीला टेकून उभे होते, डोक्यावरची टोपी काढून. दोन मुले गाडीभोवती घुटमळत होती. त्यांना बाबा दबल्या आवाजात सांगत होते, "मास्तरीन चालवते. पन पुसतो मी."

आईने त्या शाळेत पुढे निवृत्त होईपर्यंत शिकवले. गाडी त्याआधीच थकली आणि गेली. मागही गेले. कारखान्याच्या जागी आता मानकोलीच्या हमरस्त्यावर आहेत तसेच एक गोदाम आहे. तेथे खोकी येतात आणि खोकी जातात. खटखट नाही, लव नाही. आता वीज गेली तरी आणखी काही ऐकू येत नाही. खिडकीतल्या निर्दोषांची रांग कधीतरी आवरली गेली, पण ही एक कॅप आईने ठेवली आणि तिच्या कडेच्या प्रत्येक भोकात एकेक पेन्सिल उभी केली. कोणाचेही पान रिकामे राहू नये म्हणून.

मी ती पुसायला फडके घेतले तेवढ्यात बाबा आतून आले. हातात काठी, चालणे सावकाश. त्यांनी फडके माझ्या हातातून काढून घेतले, बोटांत चोळून पाहिले आणि बाजूला टाकले. मग सदऱ्याच्या खिशातून त्यांनी एक विरलेला रेशमी तुकडा काढला. पेन्सिली एकेक करून माझ्या हातात दिल्या, कॅप उलटी केली आणि आतून पुसू लागले. पुसून झाल्यावर फुंकर मारली. आई पलंगावरून पाहत होती.

तर प्रश्नाचे उत्तर असे: नव्या भागांत दोष सापडत नसेल, तर आपण कशाने पुसतो ते पाहावे. पण हे मी सांगते म्हणून मानू नका. घरात जुनी गाडी असेल, तर गाडी बंद करून, चावी काढून कॅपचे चिमटे सोडवा, पॉइंट्सच्या मध्ये सुताचा एक तंतू ठेवा, कॅप बसवून गाडी सुरू करून पाहा. मग पुन्हा चावी काढा, तंतू उचला आणि पुन्हा सुरू करून पाहा. कृपया स्वतः तपासून घ्या.